नरक्याचं बी गोळा करताय? आधी झाडाला नंबर बांधा

परतीचा पाऊस ओसरला की चंदगड, आजरा, राधानगरी, गगनबावड्याच्या रानात नरक्याची, म्हणजे कर्करोगावरच्या औषधाचा अंश असलेल्या रानझाडाची, फळं जांभळी पडू लागतील. म्हणून आजच सांगतो: ज्या झाडाचं बी, त्या झाडाचा नंबर त्याच पिशवीत गेला पाहिजे.

याच एका हयगयीनं लागणी वाया गेलेल्या मी पाहिल्यात. एका बांधावर आठ वर्षांची झाडं होती. तपासणीत दोनच सरस निघाली, बाकीच्यांत औषधी अंश नावालाच. बी कुठल्या झाडाचं, विचारलं तर म्हणाले, "पाच झाडांचं एकाच पोत्यात भरलं होतं, दादा." आता तसलं बी पुन्हा आणायचं कुठून?

उसाची कांडी लावली की को 86032 चा को 86032 च येतो. नरक्याच्या बियाला तसं नाही. आई माहीत, बाप वारा नाहीतर माशी ठरवणार. नरक्यातला औषधी अंश म्हणजे कॅम्प्टोथेसिन. ते 1966 साली पहिल्यांदा एका चिनी झाडात सापडलं आणि 1972 मध्ये आपल्या नरक्यात. त्यापासून बनलेली टोपोटेकान, इरिनोटेकान ही औषधं कर्करोगावर वापरतात. पण झाडागणिक त्याचं प्रमाण फार बदलतं, आणि नुसतं झाड बघून ते कळत नाही.

इथं डीएनए मार्करचा, म्हणजे झाडाच्या डीएनएमधल्या ओळखीच्या खुणेचा, उपयोग. कोणतं झाड कोणाच्या नात्यातलं, हे पानावरून रोपावस्थेतच कळतं. मात्र खूण आणि औषधी अंश यांची सांगड घालायला शेकडो झाडांचे दोन्ही आकडे लागतात, तेही एकाच नंबराखाली. नंबर चुकला की तपासणीचा पैसा पाण्यात. म्हणून "डीएनए टेस्टेड" म्हणून कुणी महागडी रोपं गळ्यात मारायला आलं, तर मातृवृक्षाचा (ज्या झाडाचं बी, त्याचा) नंबर आणि कॅम्प्टोथेसिनचा अहवाल मागा. नसेल तर दारातूनच परत पाठवा.

कागदाच्या चिठ्ठीवर पेनानं लिहू नका, एका सरीत शाई उतरते. अॅल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्यानं नंबर कोरा आणि सुतळीनं सैल बांधा. पिशवीत पेन्सिलनं लिहिलेली दुसरी चिठ्ठी टाका.

नमुना:
- डीएनएसाठी कोवळं पान, दहापट वजनाच्या सिलिका जेलमध्ये (ओल शोषणारे दाणे). दुसऱ्या दिवशी चुरचुरीत मोडलं पाहिजे.
- औषधी अंशासाठी सगळ्या झाडांचा एकच भाग, एकाच महिन्यात, सावलीत वाळवून.

रोपवाटिका:
- पिकलेलं ताजं बी, गर धुऊन.
- निचऱ्याचा गादीवाफा, प्रत्येक नंबराची वेगळी ओळ.
- ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) किलोभर बियाला 5 ग्रॅम.
- रोपं कोलमडली तर कॉपर ऑक्सिक्लोराईड 50 टक्के, लिटरला 2.5 ग्रॅम, बुडाशी. ट्रायकोडर्मासोबत एकत्र नको.
- लागण मृगात.

माझा अंदाज सांगतो, प्रयोगाचा आधार नाही: जांभ्या कातळाच्या कडेला, अर्ध्या सावलीतलं रोप पहिला उन्हाळा बरा काढतं.

बी स्वतःच्या मालकीच्या रानातलंच घ्या, राखीव जंगलात हात घालू नका. आणि साल उकळून काढा पिऊ नका, हे विषारी आहे.