ऑरगॅनिकच्या मेकॅनिझम घरच्या घरी कशा शिकायच्या

लातूर-नांदेडच्या अभ्यासिकांत टेबलासमोरच्या भिंतीवर रिॲक्शनचे तक्ते डकवलेले असतात. पोरं ते तोंडपाठ करतात आणि पेपरात एखादा मिथाइल गट वाढला की अडकतात. मेकॅनिझम म्हणजे रिॲक्शन पायरीपायरीनं कशी घडते आणि इलेक्ट्रॉन कुठून कुठं जातात ते. गावातच राहून, क्लासशिवाय नीट किंवा सीईटीची तयारी करणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. वही, पेन्सिल, खोडरबर आणि अकरावी-बारावीची पुस्तकं एवढं सामान पुरतं.

सुरुवात रिॲक्शनपासून करू नका. आधी अकरावीचं मूलतत्त्वांचं प्रकरण घ्या आणि त्याला निवांत पंधरा दिवस द्या. सीईटीत अकरावीचा भार २० टक्केच, म्हणून बरेच जण ते सोडून देतात. मला हे फार चुकीचं वाटतं, कारण बारावीचं सगळं ऑरगॅनिक त्याच्यावर उभं आहे. इंडक्टिव्ह इफेक्ट, रेझोनन्स, हायपरकॉन्जुगेशन आणि कार्बोकॅटायनची, म्हणजे धनभार असलेल्या कार्बनची स्थिरता, एवढं पक्कं करा. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांना न्यूक्लिओफाइल या शब्दाचीच धास्ती वाटते. इलेक्ट्रॉनची जोडी देतो तो न्यूक्लिओफाइल, घेतो तो इलेक्ट्रोफाइल. सध्या इतकंच पुरे.

मग बाण. इलेक्ट्रॉन कुठून कुठं जातात ते मेकॅनिझममध्ये वाकड्या बाणानं दाखवतात. ज्यानं शेतात दारं धरलंय त्याला हे लवकर कळतं. पाणी भरल्या दांडातून निघतं आणि कोरड्या वाफ्यात शिरतं. तसंच बाणाची शेपटी इलेक्ट्रॉनच्या जोडीवर किंवा बंधावर, आणि टोक इलेक्ट्रॉन कमी असलेल्या अणूकडं. हायड्रोजन आयनापासून निघालेला बाण वहीत दिसला तर खोडून टाका, त्याच्याकडं द्यायला इलेक्ट्रॉनच नाहीत. कार्बन म्हणजे चार बंधांचा वाफा. भरलेल्या वाफ्यात पाणी घ्यायचं तर दुसरीकडून फोडून द्यावंच लागतं. कार्बनला पाचवा बंध आला, की समजा एक बाण काढायचा राहिला.

आता एक उदाहरण हातानं सोडवू. ३-मिथाइलब्युट-१-ईन आणि हायड्रोजन क्लोराइड. दुहेरी बंधातला पाय (π) बंध हायड्रोजनकडं जातो, हा पहिला बाण. हायड्रोजन-क्लोरीन बंधातले इलेक्ट्रॉन क्लोरीनवर जातात, हा दुसरा. हायड्रोजन टोकाच्या कार्बनवर बसतो, म्हणून धनभार दुसऱ्या कार्बनवर येतो. त्याला दोन कार्बन जोडलेले आहेत, म्हणून कार्बोकॅटायन सेकंडरी. पाठांतर केलेला मुलगा इथंच क्लोरीन जोडून मोकळा होतो. तुम्ही थांबा आणि शेजारचा कार्बन बघा. त्याच्यावर दोन मिथाइल आणि एक हायड्रोजन आहे. तो हायड्रोजन आपल्या बंधातल्या दोन्ही इलेक्ट्रॉनसकट अलीकडं सरकला, तर धनभार टर्शरी, म्हणजे तीन कार्बन जोडलेल्या कार्बनवर जातो आणि रेणू जास्त स्थिर होतो. म्हणून साधं उत्पादन, २-क्लोरो-३-मिथाइलब्युटेन, मिळतंच, पण २-क्लोरो-२-मिथाइलब्युटेनही मिळतं. कार्बोकॅटायन तयार झालं, की शेजारी बघायचंच, ही सवय हाताला लावा.

न्यूक्लिओफाइल कार्बनवरच्या जुन्या गटाची जागा घेतो, त्याच्या दोन रीती म्हणजे एसएन-१ आणि एसएन-२. त्या एकाच पानावर शेजारी शेजारी काढा. एसएन-१ मध्ये जुना गट आधी सुटून कार्बोकॅटायन होतं, मग न्यूक्लिओफाइल येतो. एसएन-२ मध्ये न्यूक्लिओफाइल मागून येतो आणि रेणू वाऱ्यात छत्री उलटावी तसा उलटतो. टर्शरी कार्बनवर मागच्या बाजूला जागाच नसते, म्हणून तिथं एसएन-२ होत नाही. पेरॉक्साइड इफेक्ट, म्हणजे पेरॉक्साइड असताना ब्रोमीन टोकाच्या कार्बनवर बसतो तो प्रकार, मात्र वेगळ्या पानावर ठेवा. तिथं एकेकटा इलेक्ट्रॉन हलतो, बाण अर्ध्या टोकाचा असतो आणि हे फक्त हायड्रोजन ब्रोमाइडसोबत घडतं.

रोज दोनच मेकॅनिझम घ्या. रात्री पुस्तक बघून काढा, सकाळी पुस्तक मिटून कोऱ्या पानावर. अडकलात तिथं लाल खूण करा आणि फक्त तेवढंच पुन्हा वाचा. मग धाकट्या भावंडाला समोर बसवून प्रत्येक बाण का काढला ते मोठ्यानं सांगा. त्याला कळलं नाही तरी चालेल. तुम्ही कुठं चाचरता ते तुम्हाला कळेल.

प्रश्न सोडवताना परीक्षा ओळखा. सीईटीत रसायनशास्त्राचे ५० प्रश्न आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळं एकही कोरा सोडू नका. नीटला चुकीच्या उत्तराला एक गुण जातो. तिथं बाण पूर्ण जुळले तरच खूण करा.

आज रात्रीसाठी एक देतो: ३,३-डायमिथाइलब्युट-१-ईन आणि हायड्रोजन ब्रोमाइड, पेरॉक्साइड नाही. शेजारच्या कार्बनवर या वेळी हायड्रोजन नाही, तेव्हा काय सरकेल ते बघा. उत्तर २-ब्रोमो-२,३-डायमिथाइलब्युटेन आलं पाहिजे.