बिल्डिंग कॉन्झर्वेशनमध्ये, म्हणजे जुन्या इमारतींच्या जतनात, मास्टर्स करायचंय? मग हे बघा

युनिव्हर्सिटीचं नाव नंतर, आधी सिलॅबस उघडा आणि प्रत्यक्ष साइटवर किती काम आहे ते शोधा, कारण नुसत्या लेक्चरवर हे येत नाही हो. १९६४ चा व्हेनिस चार्टर (जुन्या वास्तूंच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं) काय, घरी बसूनही वाचून होतो. चुन्याचं काम मात्र हातानेच शिकावं लागतं. जुन्या मऊ विटांच्या भिंतीत चुन्याऐवजी सिमेंटने दरजा (विटांमधल्या फटी) भरल्या की ओल आत अडकते, मग ती विटेतूनच वाट काढते, क्षार तोंडाशी साठतात आणि विटेचे पापुद्रे सुटायला लागतात, दरजा मात्र ठणठणीत! हे का होतं ते सांगता येणारा माणूस तयार करतो तो कोर्स चांगला, माझं तरी हेच मत.

आर्किटेक्टच पाहिजे असं सगळीकडे नसतं, सिव्हिल किंवा आर्किऑलॉजीवाल्यांनाही काही ठिकाणी घेतात, एलिजिबिलिटी नीट वाचा.

पोर्टफोलिओत कॉम्प्युटरवर केलेली चकाचक चित्रं (रेंडर) नकोत. एकच जुनी इमारत घ्या, टेपने मोजून ड्रॉइंग काढा, भेगा कुठून कुठे जातात, ओल किती उंचीपर्यंत चढलीय ते त्यावर मार्क करा. आणि नोकरी करत असाल तर रोमच्या इक्रोमचे (ICCROM, वारसा जतनाची आंतरराष्ट्रीय संस्था) छोटे कोर्सही बघून ठेवा.