गव्हाच्या सोंगणीआधी जुना हार्वेस्टर उघडा, आणि पार्ट मापाने मागा

नोव्हेंबरात पेरलेला गहू आता ओंबीवर आलाय. शिरूर, दौंड, इंदापूर पट्ट्यात फेब्रुवारीच्या अखेरीस सोंगणी सुरू होईल. शेडातला जुना हार्वेस्टर उघडायचे दिवस हेच. एकदा रान पिवळं झालं की पार्टसाठी वणवण करण्यात गेलेला प्रत्येक दिवस अवकाळीच्या भीतीत जातो.

दुकानात मशीनचं नाव आणि साल सांगितलं की उत्तर ठरलेलं असतं, "ते मॉडेल बंद झालं." एवढ्यावर लोक चांगली मशीनं भंगारात घालतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण दरवर्षी झिजणारे बहुतेक पार्ट कंपनीचे नसतातच, ते प्रमाणित मापाचे असतात. म्हणून मशीनचं नाव सांगू नका, पार्टचा नंबर सांगा.

बेअरिंग काढा, डिझेलमध्ये धुवा, चिंधीने पुसून बॅटरीच्या उजेडात तिरकं धरा. कडेवर कोरलेला नंबर दिसतो, समजा ६२०६. शेवटचे दोन आकडे ०४ किंवा त्याहून जास्त असतील तर पाचाने गुणा: ०६ म्हणजे आतलं माप ३० मिमी. याचं बाहेरचं माप ६२ आणि जाडी १६. नंबर पुसला असेल तर ही तीन मापं व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या साधनाने) घ्या, दुकानदार तेवढ्यावर बेअरिंग काढून देतो. ऑइल सीललाही तीनच मापं लागतात: शाफ्ट, घर (सील बसतो तो गाळा) आणि जाडी. पट्ट्यावर बी ६८ असं छापलेलं असेल तर बी म्हणजे वरची रुंदी १७ मिमी आणि ६८ म्हणजे आतली लांबी इंचात. सी पट्टा २२ मिमीचा. जिथे दोन पट्टे जोडीने चालतात तिथे दोन्ही एकदम बदला, नाहीतर नवा एकटा सगळा भार ओढतो आणि लवकर जातो.

शाफ्ट, पुली, बुश भोसरी एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपमध्ये करून मिळतात. तुटलेले दोन्ही तुकडे सोबत न्या, एकही फेकू नका. शाफ्ट साध्या लोखंडात करून घेऊ नका, ईएन-८ जातीचं मजबूत पोलाद मागा. बेअरिंगचं बिडाचं घर तडकलं असेल तर बीड जोडणाऱ्या वेल्डरकडेच द्या. साध्या रॉडने घाईत मारलेला टाका शेजारून पुन्हा फुटतो. पुण्यात बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात पाने, पुलर (बेअरिंग ओढून काढायचं साधन) चांगले मिळतात, पण तिथून बेअरिंग आणू नका.

मळणीच्या ड्रमचे रास्पबार (ओंब्या घासून मळणाऱ्या खाचदार पट्ट्या), ड्रमखालची जाळी, चाळण्या, गिअरबॉक्सचे दाते मात्र त्या त्या मशीनचेच लागतात. स्वराज ८१०० सारख्या मशीनचे हे पार्ट पंजाबातून, नाभा भागातून मागवावे लागतात. गव्हाच्या हंगामात तिकडून हार्वेस्टर घेऊन येणारे चालक ओळखीचे असतील तर त्यांना आत्ताच फोन करा. ते निघाल्यावर केलात तर उपयोग नाही. रास्पबार बदलताना समोरासमोरची जोडी एकदम बदला, नाहीतर ड्रमचा तोल जातो. बोल्टही मजबुतीचा, ८.८ ग्रेडचा लावा. आमच्या मशीनला मी एकदा घाईत साधा बोल्ट लावला होता. तो रानात तुटून जाळीत गेला आणि दोन रास्पबार वाकले. ऐन मार्चमधले चार दिवस त्यात गेले.

कटर बारची, म्हणजे पुढे पीक कापणाऱ्या दांड्याची, बोथट, तुटकी पाती बदला. पातं फेऱ्याच्या टोकाला पोचलं की त्याचा मध्य गार्डच्या (पातं ज्यातून सरकतं त्या बोटासारख्या टोकाच्या) मध्यावर यायला हवा. हे हाताने पुली फिरवून बघा, इंजिन बंद करून आणि चावी खिशात ठेवून. हेडरखाली (पुढच्या कापणीच्या भागाखाली) जायचं असेल तर आधी लाकडी ठोकळे लावा. हायड्रॉलिकच्या भरवशावर खाली वाकू नका, जुना सील कधी सुटेल सांगता येत नाही.

उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आणि सायलेन्सरभोवती साठलेला भुसा, या दोन गोष्टींनी वाळलेल्या गव्हात आग लागते. हंगामात रोज संध्याकाळी हवा मारून भुसा काढा, रेडिएटरची जाळीही. केबिनमध्ये अग्निशामक ठेवा.

पहिला फेरा झाला की थांबा. मागे पडलेलं काड बाजूला सारून एक चौरस फूट जागा मोजा. आधीपासून जमिनीवर सांडलेले दाणे वगळून तिथे २० दाणे निघाले, तर हजार दाण्यांचं वजन ४० ग्रॅम धरून एकरी ३० ते ३५ किलो गहू मातीत जातोय. ओंब्या अर्धवट मळून पडत असतील तर जाळी ड्रमच्या थोडी जवळ घ्या. टाकीतला दाणा फुटलेला दिसला तर आधी ड्रमचा वेग कमी करा. जाळीला हात त्यानंतर, तोही एका वेळी थोडाच, आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा तोच एक फूट मोजून.