‘उंदीर पळाला’ असं लिहिण्याआधी

मेंदूला वीज दिल्यावर जनावर कसं पळतं यावरचा शोधनिबंध हातात पडला की आमची एम.ए.ची मुलं पहिलं पान वाचून थेट निष्कर्षाचं पान उघडतात. मी त्यांना एकच काम सांगते: ‘पळाला’ हा शब्द दिसला की पेन्सिलीने खाली रेघ मारा आणि पुरावा शोधा.

सुरुवात मागून करा. शेवटाकडे मेंदूच्या कापांची चित्रं असतात, मेंदूत वीज नेणारी तार नेमकी कुठे रुतली ते त्यांत कळतं. मॅकगिल विद्यापीठातल्या ओल्ड्स आणि मिल्नर यांचा 1954 चा निबंध आठवा. तार योजलेल्या जागेवरून भरकटली, आणि उंदीर विजेला टाळायचं सोडून जिथे वीज मिळाली त्याच कोपऱ्यात परत परत जायला लागला!

मग प्रवाहाचा आकडा बघा. मध्यमेंदूतल्या नळीभोवतीच्या करड्या भागाला, विशेषतः त्याच्या वरच्या बाजूला, थोडी वीज दिली तर उंदीर जागच्या जागी थिजतो. प्रवाह वाढवला की तोच उंदीर धावतो, उड्या मारतो. म्हणून आलेखाचा आडवा अक्ष न वाचता त्या उंदराला भित्रा किंवा धीट ठरवू नका.

आता खरी गोम. वीज थांबवायचं साधन जनावराच्या ताब्यात होतं का? नुसत्या धावण्यावरून काही सिद्ध होत नाही, वीज पायांनाच हलवत असेल. विद्यार्थिदशेत मी एका फिल्ममधला गोल गोल फिरणारा उंदीर पाहून वहीत ‘भीतीने सैरभैर’ असं ऐटीत लिहिलं होतं. सरांनी लाल शाईने विचारलं, ‘तार दुसऱ्या बाजूला असती तर?’ तर तो उलटा फिरला असता. मेंदूच्या एकाच बाजूला वीज दिली की असं होऊ शकतं. त्यात भीती असेलच असं नाही.

डेल्गाडो, रॉबर्ट्स आणि मिलर या संशोधकांच्या 1954 च्या प्रयोगातल्या मांजरांनी चाक फिरवून वीज बंद केली, म्हणून ती सुटका मानायची. आणि तरी सावध राहा. रॉबर्ट्सनेच 1958 मध्ये दाखवलं की त्याच तारेतून, तेवढाच प्रवाह मांजर सुरूही करून घेतं आणि बंदही करतं. सुरुवात हवीशी, पण लांबली की नकोशी, असा त्याचा एक अर्थ. तेव्हा वीज किती सेकंद चालू होती, तेही टिपा.

डेल्गाडोचा 1963 चा स्पेनमधल्या कोर्दोबातला बैल मुलांना फार आवडतो: अंगावर धावून येता येता, मेंदूला वीज मिळताच थांबलेला. राग शमला, की मान आणि पाय वळवले गेले? टीकाकारांनी हेच विचारलं होतं.

माझ्या वर्गात वाक्य असं लिहावं लागतं: ‘अमुक जागी, इतक्या प्रवाहाने, इतक्या सेकंदांनी उंदराने कळ दाबून वीज बंद केली.’ नुसतं ‘घाबरून पळाला’ लिहिलं तर अर्धा गुण जातो.