पुणे-फलटण-वाई-भोर सायकलवर: निघण्याआधीची यादी

सगळ्यात आधी अडॅप्टर. रोडबाइकच्या ट्यूबचा बारीक व्हॉल्व्ह म्हणजे प्रेस्टा, त्याला मोटरसायकलची हवेची नळी लागावी म्हणून त्यावर फिरवून बसवायचा तो पितळी तुकडा, बोटाच्या पेराहून लहान, मिसळीच्या एका प्लेटपेक्षा स्वस्त. पुढचं वाचायचा कंटाळा आला तर इथेच सोडून द्या, पण आधी अडॅप्टर घ्या.

का ते सांगतो. हा सगळा रस्ता गावागावांतून जातो. टायर टांगलेली पंक्चरची टपरी गावागणिक भेटते. तिथे कॉम्प्रेसर असतो, टाकीत हवा असते, माणूसही हातातलं काम टाकून मदतीला येतो. पण त्याच्या नळीचं तोंड असतं मोटरसायकलच्या व्हॉल्व्हसाठी. गावातल्या साध्या सायकलींना वॉलट्यूबवाला व्हॉल्व्ह, त्याची जुळणी त्याच्याकडे सापडेल. आपल्या रोडबाइकचा बारीक, टोकाला चिमुकला स्क्रू असलेला व्हॉल्व्ह बघून तो नळी दाबतो, फुस्स होतं. पुन्हा दाबतो, पुन्हा फुस्स. तिसऱ्यांदा जोर लावतो आणि टोक वाकतं. मागच्या वेळी जेजुरी आणि वाल्ह्याच्या मधे ट्यूब बदलून झाली, हातपंपाचा वॉशर ऐन वेळी फाटला, आणि शेजारी हवेची भरलेली टाकी असताना सायकल कांद्याच्या टेम्पोत टाकून लोणंद गाठावं लागलं. लोणंदला कांद्याची एवढी मोठी बाजारपेठ, टेम्पो मिळाला यात नवल नाही. अडॅप्टर मिळाला नाही.

तो वापरायचा कसा हेही बघून ठेवा. आधी व्हॉल्व्हच्या टोकाचा स्क्रू सैल करायचा, बोटाने टोक एकदा दाबून थोडी हवा सोडायची, मगच अडॅप्टर बसवायचा. हे न करता बसवला तर हवा आत जात नाही आणि दोष अडॅप्टरला लागतो. त्याच्या आत रबराची बारीक रिंग असते, ती आहे ना बघा. ती नसेल तर कडेने हवा गळते. हवा भरून झाल्यावर नळी ओढताना अडॅप्टर नळीच्या तोंडातच अडकून राहतो आणि आपण आनंदात निघून जातो. पेट्रोल पंपावर असे किती राहिले असतील देव जाणे. म्हणून दोन घ्या. एक पुढच्या चाकाच्या व्हॉल्व्हवरच बसवून ठेवा, दुसरा सीटखालच्या पिशवीत. घरच्या फ्लोअर पंपाशेजारी ठेवू नका. तिथे तो सुखरूप राहतो, तुम्ही राहत नाही.

आता तारखा. पंचांगवालं कॅलेंडर भिंतीवरून काढून समोर घ्या. जेजुरीला सोमवती अमावस्या आणि चंपाषष्ठीला रस्त्यात पाय ठेवायला जागा नसते, रविवारीही गर्दी असतेच. मांढरदेवीला पौष पौर्णिमेच्या आगेमागे काळूबाईची यात्रा. त्या घाटात तेव्हा सायकल नेण्याचा विचारही करू नका. नारायणपूरला दत्तजयंती आणि गुरुवार टाळा. आषाढातली पालखी तर सासवड, जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद, तरडगाव, फलटण अशी आपल्याच रस्त्याने जाते, त्या दिवसांत तो रस्ता वारकऱ्यांचा. राहतात डिसेंबर ते फेब्रुवारीचे मधले दिवस. हवा गार असते, पण नेमका तेव्हाच उसाचा हंगाम असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, आतल्या टेपचा आवाज असा की तुमची घंटा त्याला ऐकू जाणं शक्य नाही. ओव्हरटेक करताना ट्रॉलीच्या बाजूने लोंबणारी उसाची टोकं हँडलपेक्षा बाहेर आलेली असतात, हे लक्षात ठेवून हातभर जास्त अंतर सोडा. अंधार पडल्यावर या रस्त्यांवर राहू नका. तांबडा दिवा मागे लावा, दिवसाही चालू ठेवा.

सायकल. टायर 25 मिलिमीटर रुंदीचे असतील तर चालतील, 28 बसत असतील तर 28 लावा. पालखी मार्गाच्या रुंदीकरणामुळे दिवे घाटापासून पुढचा रस्ता कधी काचेसारखा तर कधी नुसती खडी, आणि कुठला तुकडा कसा आहे हे महिन्या-महिन्याला बदलतं. नुकत्याच जाऊन आलेल्या कोणाला तरी विचारा. ब्रेक, गिअर, चेन यांच्यावर काय लिहायचं, सर्व्हिस करून घ्या. फक्त आठवडाभर आधी करा, आदल्या दिवशी नको. नवी केबल ताणली जाते आणि पहिल्याच चढावर गिअर उड्या मारायला लागतात. मागच्या कॅसेटचं, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचातलं, सर्वांत मोठं चक्र 28 दात्यांचं असेल तर मांढरदेवीत रडाल. 32 बघा.

ट्यूब दोन, त्याही तुमच्या रिमच्या खोलीला पुरणाऱ्या लांब व्हॉल्व्हच्या. तालुक्याच्या गावात 700 मापाची ट्यूब मिळेल या भरवशावर राहू नका. पॅचचं किट असेल तर त्यातली सोल्यूशनची ट्यूब दाबून बघा. एकदा उघडलेली असली की आतलं सोल्यूशन वाळून गेलेलं असतं आणि हे आपल्याला बाभळीखाली बसल्यावर कळतं. बाभळीचं म्हणून सांगतो: नीरेच्या पुढे पाऊस कमी, कडेला वेडी बाभूळ माजलेली, आणि शेतकरी कुंपणाला काटे ओढून नेतात ते रस्त्यावर सांडतात. ट्यूब बदलताना टायरच्या आतून जुनं फडकं फिरवा. काट्याचं टोक रबरात तसंच असतं, फडक्याचा धागा अडकला की ते सापडतं. बोट फिरवू नका, रक्त निघेल. हातपंप घरी एकदा शून्यापासून पूर्ण हवा भरून तपासा. नुसता दोनदा दाबून ‘चालतोय’ म्हणू नका, वॉशर शेवटच्या जोराला जातो. आणि पंप कितीही चांगला असला तरी अडॅप्टर. पंप बिघडतो, अडॅप्टरमध्ये बिघडण्यासारखं काही नसतं.

टपरीवर हवा भरताना एक सांभाळा. कॉम्प्रेसर ट्रकच्या टायरला पुरणारा असतो, तुमच्या टायरचं पोट केवढंसं. स्कूटरला 30च्या आसपास लागते, आपल्याला 80-90 पीएसआय. हा आकडा ऐकून पंक्चरवाला एकतर हसतो, नाहीतर हात आखडतो. “दादा, थोडी थोडी सोडा, मी दाबून बघतो,” असं म्हणा आणि नळी स्वतःच्या हातात घ्या. एका दमात सोडली तर टायर रिमवरून सुटून फटाका फुटल्यासारखा आवाज होतो, मग दुसरी ट्यूबही गेली.

कपडे तुम्हाला कळतात. थंडीत पहाटे हातमोजे पूर्ण बोटांचे. एक गोष्ट मात्र लोक विसरतात: चपला. हलक्या, रबरी, बॅगेवर बांधता येतील अशा. पेडलमध्ये अडकणारे क्लीटचे बूट घालून जेजुरीच्या पायऱ्या चढायच्या नसतात, आणि मेणवलीच्या घाटाच्या दगडी पायऱ्या ओल्या असतात, तिथे तर मुळीच नाही. जेजुरीत अजून एक. भंडारा हवेत उधळला जातो तेव्हा सायकल लांब लावा. तेल लावलेल्या चेनवर हळद बसली की तिचा पिवळा लगदा होतो आणि फलटणपर्यंत करकर ऐकत जावं लागतं. जुनं सुती फडकं जास्तीचं ठेवा.

रस्ता. सासवडला जायला दिवे घाट की बोपदेव, यावर पुण्यात कायम वाद. दिवे घाट चढायला सोपा, मस्तानी तलाव वरून छान दिसतो, पण ट्रक फार. बोपदेव चढ म्हणून खडा, पण कोंढवा जागं व्हायच्या आत निघालात तर रस्ता तुमचा. मी बोपदेव म्हणेन. सासवडला नाश्ता आणि कऱ्हेकाठचं संगमेश्वराचं देऊळ, सोपानदेवांची समाधी. इथे रेंगाळा, कारण पुढे ऊन वाढतं. अंजिरं दिसली तर घ्या, पण जर्सीच्या मागच्या खिशात ठेवू नका. जेजुरीपासून रस्ता लाटांसारखा वरखाली होतो. चढ असे मोठे नाहीत, पण संपतही नाहीत, आणि गावाच्या तोंडाशी न रंगवलेले गतिरोधक उताराच्या पायथ्यालाच असतात. वाल्ह्याच्या अलीकडे थांबून दोन्ही टायर हाताने दाबून बघा, पिशवीत अडॅप्टर आहे ना तेही बघा. नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्हा. लोणंदच्या पुढे तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब, पालखीचं पहिलं उभं रिंगण इथलं. फलटणपर्यंत पुण्याहून सुमारे 110 किलोमीटर होतात. दुपारी वारा तोंडावर येतो, त्यामुळे शेवटचा पट्टा आकड्यापेक्षा लांब वाटतो. पाणी दोन बाटल्या, एकीत मीठ-साखर.

फलटणला खोली तळमजल्यावर मागा आणि सायकल खोलीत नेऊ देतील का हे फोनवरच विचारून घ्या. आल्यावर वाद घालायचं त्राण नसतं. संध्याकाळी राममंदिर, राजवाडा आणि जबरेश्वराचं कोरीव देऊळ. सईबाईंचं माहेर इथल्या निंबाळकरांचं, हे लक्षात ठेवून गावात फिरा. झोपायच्या आधी टायरवर हात फिरवून बाहेर दिसणारे काटे नखाने किंवा चिमट्याने काढा. आत गेलेला काटा दिवसभर गप्प बसतो आणि रात्रीत हवा सोडतो. सकाळी चाक बसलेलं दिसेल तेव्हा काय लागेल, आता मी सांगायला हवं का?

दुसऱ्या दिवशी आदर्की घाटाने वाठार स्टेशन. महाबळेश्वरला जाणारी मंडळी एके काळी रेल्वेने इथे उतरायची. घाटात पाणी मिळेल असं धरू नका, फलटणलाच भरा. वाठारहून चंदन-वंदन हे जोडकिल्ले बघत, हायवे जपून ओलांडून वाई. लिंबची बारामोटेची विहीर (1719 ते 1724 मधली) खुणावते, पण त्यासाठी हायवेवर साताऱ्याच्या दिशेने जावं लागतं. सायकलवर नको, कधी गाडीने जा. वाईत ढोल्या गणपती बघा, 1762 साली सरदार रास्ते यांनी बांधलेला. देवळाची मागची बाजू माशासारखी निमुळती केली आहे, कृष्णेचा पूर फाटून जावा म्हणून. चक्कर मारून मागे गेल्याशिवाय ते कळत नाही आणि बहुतेक लोक जात नाहीत. मेणवली पलीकडेच आहे. नाना फडणविसांचा वाडा, घाट, आणि देवळात टांगलेली पोर्तुगीज घंटा, 1739च्या वसईच्या मोहिमेनंतर आणलेली. चपला घातल्यात ना?

तिसरा दिवस थोडक्यात. वाईहून उजाडताच मांढरदेवी घाट, हलका गिअर, घाई नको. भोर बाजूला उतरताना वळणावर खडी. भोरला राजवाडा बाहेरून, जेवण आतून. रोख सुटे पैसे ठेवा, घाटात फोनला रेंज नसते. कापूरहोळला हायवेला लागू नका, नारायणपूर-सासवड धरा. चढ आहे, पण ट्रक मागे लागण्यापेक्षा बरा. सासवडला चहा, टायर दाबून बघणे, अडॅप्टर. बोपदेव उतरताना ब्रेक धरून ठेवू नका, दाबा-सोडा. येवलेवाडीपासून ट्रॅफिक सुरू, तिथून पुढचं तुमचं तुम्ही बघा.