घरातील इलेक्ट्रॉनिक उपकरणांचे विद्युतचुंबकीय स्पंदांपासून संरक्षण कसे करावे

9 जुलै 1962 रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील जॉन्स्टन बेटाच्या वर, सुमारे 400 किलोमीटर उंचीवर अण्वस्त्राचा स्फोट घडवला, तेव्हा जवळजवळ 1,400 किलोमीटर दूर असलेल्या होनोलुलूतील रस्त्यांवरचे काही दिवे गेले. विद्युतचुंबकीय स्पंदाची, म्हणजे क्षणभर उसळून तारांत वीज निर्माण करणाऱ्या लाटेची, चर्चा बहुधा अशा स्फोटापासून सुरू होते. पुण्यातल्या कुटुंबाने त्याची चिंता करण्यापेक्षा एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर कडाडत येणाऱ्या वळवाची करावी. वीज घराच्या आसपास कुठे पडली, तरी तिच्या स्पंदाने तारांमध्ये क्षणभर हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊ शकतो, आणि उपकरणे जळतात ती बहुतेकदा या तारांवाटे आलेल्या झटक्याने. म्हणून पैसे आणि मेहनत आधी तारांवर खर्च करावी.

पहिले काम अर्थिंगचे. जुन्या वाड्यांत आणि जुन्या सोसायट्यांत सॉकेटला तिसरे छिद्र असते, पण त्यामागे तार जोडलेलीच नसते. फ्रिजच्या किंवा संगणकाच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग तपासायलाच हवे. परवानाधारक वायरमनकडून अर्थ टेस्टरने रोध मोजून घ्यावा. तो 5 ओहमच्या आत असलेला बरा.

त्यानंतर घराच्या मुख्य वितरण बोर्डात टाइप 2 प्रकारचे सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस, म्हणजे झटका जमिनीकडे वळवणारे एसपीडी, बसवून घ्यावे. इमारतीवर तडितरक्षक असेल, तर तळमजल्यावरच्या मुख्य पॅनेलमध्ये टाइप 1 लागते आणि तो विषय सोसायटीच्या सभेत मांडावा लागतो. एमसीबी आहे, स्टॅबिलायझर आहे, मग आणखी कशाला, असे अनेकांना वाटते. परंतु झटका काही मायक्रोसेकंदांत येऊन जातो आणि ही दोन्ही साधने त्या मानाने फार मंद असतात. काम चालू असताना स्वतः उभे राहून एक गोष्ट पाहावी: एसपीडीला जाणाऱ्या आणि तिथून अर्थपट्टीकडे येणाऱ्या तारांची एकूण लांबी अर्ध्या मीटरच्या आत आहे ना. नीटनेटकेपणासाठी तारेची वेटोळी करून ठेवणारे वायरमन असतात, आणि त्या वेटोळ्यांमुळेच यंत्राचा उपयोग कमी होतो. बहुतेक एसपीडींवर छोटी खिडकी असते. तिच्यातला हिरवा रंग जाऊन लाल दिसू लागला की आतला भाग बदलावा.

टीव्ही आणि संगणकासाठी याशिवाय स्पाइक गार्ड घ्यावा. पुण्यात विजेच्या साहित्याच्या तपकीर गल्लीत तो सहज मिळतो, पण तसाच दिसणारा साधा एक्स्टेंशन बोर्डही शेजारीच टांगलेला असतो. झटक्याची किती ऊर्जा तो सोसेल ती ज्यूलमधली क्षमता छापलेली नसेल, तर तो घेऊ नये.

विजेची तार सांभाळली आणि बाकीच्या तारा विसरल्या, असे फार घडते. गच्चीवरच्या किंवा जिन्यातल्या स्विचमधून फ्लॅटपर्यंत तांब्याची लॅन केबल आली असेल, तर वळवात राउटर तिच्यावाटे जळतो. शक्य असल्यास थेट घरापर्यंत फायबर घ्यावे. टीव्हीच्या केबललाही, आणि गच्चीवर सौर पॅनेल असतील तर त्यांच्या डीसी तारांनाही, वेगळे संरक्षक लागते.

तरीही सर्वांत खात्रीचा आणि फुकटचा उपाय म्हणजे प्लग आणि केबल काढून ठेवणे. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांची सूचना देते. ती मिळताच हे काम उरकावे. वीज डोक्यावर कडाडू लागल्यानंतर मात्र प्लगला हात लावू नये.

एवढे झाल्यावर हौस असेल, तर स्पंद आत शिरू न देणाऱ्या धातूच्या डब्याकडे वळावे. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा घेऊन, झाकण जिथे टेकते तिथला रंग पॉलिश पेपरने खरवडावा, आत सगळीकडे पुठ्ठा लावावा, जादा रेडिओ किंवा हार्ड डिस्क ठेवावी आणि फटीवर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी सलग फिरवावी. अशा डब्याला अर्थिंगची गरज नसते. एफएम लावलेला रेडिओ आत ठेवून पाहावा. गाणे ऐकू येत राहिले, तर कुठेतरी फट आहे. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये वस्तू ठेवण्याचा सल्ला मानू नये, कारण त्याचे आवरण 2.45 गिगाहर्ट्झच्या लहरींसाठी बनवलेले असते, आणि घरातल्या कुणी चुकून तो चालू केला तर उपकरण तिथेच जळेल.