राज्य हरलं म्हणजे देश बदलला का? अमेरिकी निकाल वाचण्याची रीत

अमेरिकेत एखाद्या सनातनी वळणाच्या राज्याचा कायदा कोर्टात पडला की ‘आता देशभर बदल’ अशा बातम्या सुरू होतात. बहुतेक वेळा ती घाई असते. आधी पाहा, हार कोणत्या पायरीवर झाली.

पहिली पायरी संघीय जिल्हा न्यायालयाची. तिथला निकाल पक्षकारांपुरता. शेजारच्या जिल्ह्यातल्या न्यायाधीशालाही तो बंधनकारक नसतो. इथे निकालाइतकीच स्थगिती महत्त्वाची. २० डिसेंबर २०१३ला युटाची समलिंगी विवाहबंदी रद्द झाली, तेव्हा राज्याने स्थगिती आधी मागून ठेवलीच नव्हती. ६ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने ती देईपर्यंत हजाराहून जास्त जोडप्यांची लग्नं लागून गेली होती.

दुसरी पायरी, अपील. दिवाणी खटल्यात त्यासाठी साधारण ३० दिवस मिळतात. इथे एक उलटी गंमत आहे: राज्य हट्टाने लढलं तरच निकाल दूरवर पोचतो. कॅलिफोर्नियाने आपल्या विवाहबंदीचा बचाव करायचं नाकारलं. बंदीच्या पुरस्कर्त्यांना अपिलाचा अधिकारच नाही, असं २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं आणि प्रश्न त्या एका राज्यापुरता मिटला. युटा मात्र वर गेलं. २५ जून २०१४ला दहाव्या सर्किटने (सर्किट म्हणजे राज्यांच्या एका गटासाठीचं संघीय अपील न्यायालय; त्याचा निकाल त्या गटातल्या खालच्या न्यायालयांना बंधनकारक) २-१ने त्याच्या विरोधात निकाल दिला. त्या सर्किटमध्ये कोलोरॅडो, कॅन्सस, न्यू मेक्सिको, ओक्लाहोमा आणि वायोमिंगही येतात.

तिसरी पायरी सर्वोच्च न्यायालय. अर्जाला ९० दिवस. प्रकरण ऐकायला घ्यायचं तर नऊपैकी चार न्यायमूर्तींची संमती लागते. ६ ऑक्टोबर २०१४ला युटासह पाच राज्यांचे अर्ज नाकारले गेले. अर्ज नाकारणं म्हणजे खालच्या निकालावर शिक्कामोर्तब नव्हे, पण सर्किटचा निकाल कायम राहतो. मग देशव्यापी निकाल आला कुठून? त्याच नोव्हेंबरमध्ये सहाव्या सर्किटमध्ये राज्यं जिंकली, सर्किटांमध्ये मतभेद झाला, आणि २६ जून २०१५ला ५-४ने विवाहाचा हक्क सर्व राज्यांत लागू झाला. त्यामुळे फक्त पराभव मोजू नका. फूट कुठे पडली तेही पाहा.

यानंतर निकालाचा आधार तपासा. लोक नेमकं हेच वगळतात. ‘लॉरेन्स विरुद्ध टेक्सास’ (२००३) हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कायद्याचा खटला. त्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी खासगी जीवनातलं स्वातंत्र्य आधार धरलं, म्हणून तशा १३ राज्यांचे कायदे एकदम पडले. सहाव्या न्यायमूर्ती, ओ’कॉनर, निकालाशी सहमत होत्या, पण त्यांचा आधार समान वागणुकीचा होता. तोच बहुमताचा झाला असता, तर फक्त समलिंगींना लक्ष्य करणारे चार राज्यांचे कायदे गेले असते. सगळ्यांना लागू असलेले उरले असते.

निकाल लागला म्हणून अंमल होतोच असं नाही. शाळांतला वर्णभेद १९५४मध्ये घटनाबाह्य ठरला, तरी व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने १९५९ ते १९६४ सरकारी शाळाच बंद ठेवल्या. आंतरवर्णीय विवाहबंदी १९६७मध्ये पडली; अलाबामाच्या राज्यघटनेतून ती काढायला २००० साल उजाडलं. मेलेलं कलम पुस्तकात पडून असतं, न्यायालय बदललं तर ते उठूनही बसतं.

शेवटी खंडपीठाची रचना पाहा. मिसिसिपीचा १५ आठवड्यांनंतरच्या गर्भपातावर बंदी घालणारा कायदा २०१८ला झाला, आणि राज्य जिल्हा न्यायालयातही हरलं, पाचव्या सर्किटमध्येही. त्याने माघार घेतली नाही. दरम्यान सर्वोच्च न्यायालयातली माणसं बदलली होती. २४ जून २०२२ला त्याच राज्याच्या प्रकरणात १९७३चा गर्भपाताचा संघीय हक्क संपला.